सड्यावरचं पांढरं फूल: ही आमरी कोणती?

पायवाट | ६ जुलै, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आज आषाढी आणि त्यात रविवार. पहाटे साडेपाचला आम्ही दोघी कोथरूडहून निघालो, मुळशी धरणाच्या कडेकडेने पुढे गेलो आणि ताम्हिणीच्या अलीकडे एका सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, चढलो. (संपादन: इथे गावाचं नाव होतं, ते काढलं आहे. कारण खाली प्रतिसादांत आहे.) पाऊस भुरभुरत होता, गवत अजून वीतभरही वाढलेलं नव्हतं. खिचडीचा डबा उघडायला म्हणून कातळावर टेकलो आणि पायाशीच हे फूल दिसलं. पांढरंशुभ्र, रुपयाच्या नाण्याएवढं, एका बारीक दांड्यावर दोन. पाकळ्या अशा चिरलेल्या, की कुणी नखं कापायच्या कात्रीने कागद कापलाय असं वाटावं.

मोबाइलच्या ॲपने 'हबेनारिया प्लँटाजिनिआ' असं नाव दिलं. मैत्रिणीचं म्हणणं रॅरिफ्लोरा, म्हणजे हबेनारियाचीच दुसरी जात. फोटो जोडला आहे, एकच आहे, समोरून काढलेला. ही कोणती आमरी (ऑर्किड)? आणि आमरी ओळखायला शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

सह्यवेडा | ६ जुलै, रात्री ९:४२

झकास फोटो! रॅरिफ्लोराच आहे. गेल्या वर्षी वरंध घाटात मी अगदी हेच फूल टिपलं होतं. डोळे झाकून सांगतो.

तुळशीवृंदावन | ६ जुलै, रात्री १०:०५

किती गोड फूल! वाचतेय. गच्चीतल्या कुंडीत लावता येईल का गं हे?

भिंगवाली | ६ जुलै, रात्री ११:२०

फोटो सुरेख आहे, पण एवढ्यावरून मी तरी नाव सांगणार नाही. आपल्याकडच्या पांढऱ्या हबेनारिया समोरून पाहिल्या तर एकमेकींच्या बहिणी दिसतात. मला वेगळीच माहिती हवी आहे. पानं किती होती आणि कुठे होती, जमिनीलगत की दांड्यावर? जागा सपाट होती की कड्याची उभी भिंत? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फुलाची शेपटी केवढी होती? समोरून काढलेल्या फोटोत शेपटी हमखास फुलामागे लपते.

पायवाट | ७ जुलै, सकाळी ८:१५

शेपटी? फुलाला शेपटी असते हेच मला माहीत नव्हतं. पानं पाहिली नाहीत, गवत होतं. जागा मात्र पक्की आठवते, सपाट कातळावरचा मातीचा पातळ थर.

हिरडा | ७ जुलै, दुपारी ३:३०

पायवाट, आधी एक विनंती. धाग्यातून गावाचं नाव आजच काढ. फोटोत मोबाइलने ठिकाणाची नोंद ठेवली असेल तर फोटोही तेवढी नोंद पुसून पुन्हा चढव. गेल्या काही वर्षांत जागेचा पत्ता जाहीर झाला की काय होतं ते मी पाहिलं आहे. एका पठारावर एका रविवारी वीस-बावीस माणसं एकाच फुलाभोवती पोटावर झोपून फोटो काढत होती. पुढच्या रविवारी तिथे फूल नव्हतं, एक खड्डा होता. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळांवर संकटात असलेल्या जातींचं नेमकं ठिकाण आपोआप झाकलं जातं, ते याचसाठी. आपल्या धाग्यावर ती काळजी आपणच घ्यायची.

आता शेपटीबद्दल. हबेनारिया हे नावच लॅटिनमधल्या 'हबेना' या शब्दावरून आलं आहे. अर्थ लगाम, चामड्याची वादी. आमरीच्या फुलात बाहेरची तीन निदलं आणि आतल्या तीन पाकळ्या असतात. त्या तीनांतली एक पाकळी वेगळी वाढते, तिला ओठ म्हणतात. कीटकाला उतरायचा तो ओटा. हबेनारियात या ओठाच्या बुडाशी एक लांब पोकळ नळी मागे जाते, तिच्या टोकाशी मध असतो. हीच शेपटी. ती किती लांब, टोकाला फुगीर की सरळ, आणि बीजकोशापेक्षा लांब की आखूड, यावर निम्मी ओळख ठरते.

बीजकोश कोणता हेही सांगतो, कारण पहिल्यांदा सगळेच इथे चुकतात. फुलाचा जो देठ वाटतो तोच बीजकोश असतो. भिंगातून पाहिलंस तर त्याच्या कडा पिळलेल्या दिसतील, ओले कपडे पिळताना पडतो तसा पीळ. बहुतेक आमरींची कळी उमलता उमलता अर्धा फेरा घेते आणि वर असलेला ओठ खाली येतो. तो पीळ त्या फेऱ्याचा. चाळीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, तरी दर पावसाळ्यात पहिल्या आमरीचा पीळ पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

सह्यवेडा | ७ जुलै, संध्या. ७:००

सर, मी घाईने बोललो. माझ्या फोटोतलं झाड ओल्या कड्याच्या भिंतीवर शेवाळात होतं आणि बुडाशी चार-पाच पानांचा झुबका होता. पायवाटचं सपाट सड्यावर आहे. एकच असेल का?

भिंगवाली | ७ जुलै, रात्री ८:४५

तुमचं रॅरिफ्लोरा असणार. तिला उभा ओला कातळच लागतो आणि पानांचा झुबका बुडाशी असतो. जुलै ते सप्टेंबर घाटात थांबून कड्याकडे नुसती मान वर केली तरी दिसते, म्हणून ट्रेकवाल्यांना तीच ठाऊक असते. सड्यावरची मात्र बहुधा वेगळी.

ॲपबद्दल लिहिते, कारण हल्ली प्रत्येक धाग्यात ते येतं. ॲप फुलाचा चेहरा बघतं. संग्रहालयातला माणूस चेहरा बघत नाही, त्याला तो बघायलाच मिळत नाही. मी पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहालयात काही महिने बसून आमरींचे वाळवलेले नमुने पाहिले आहेत. आघारकर संस्थेतही असा संग्रह आहे. कागदावर डकवलेली ती फुलं सगळी तपकिरी झालेली असतात. पांढरं, पिवळं, हिरवट काही उरत नाही. म्हणून जुन्या लोकांनी ओळखीच्या किल्ल्या (एकेक खूण तपासत नावापर्यंत नेणाऱ्या याद्या) लिहिल्या त्या रंगावर फारशा बेतलेल्याच नाहीत. पान बुडाशी की दांड्यावर, ओठाला भाग किती, शेपटी बीजकोशाच्या किती पट, यांवरच त्या चालतात. वाळल्यावरही जे टिकतं तेच त्यांनी धरलं. रानात उभं राहूनही त्याच खुणा आपल्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.

हिरडा | ७ जुलै, रात्री ९:३०

भिंगवालीने अगदी नेमकं सांगितलं. आणि पुणेकरांना आवडेल अशी एक गोष्ट. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला, तो लिहिणारे थिओडोर कुक हे आपल्या पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे प्राचार्य होते. इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या संस्थेचा प्रमुख सह्याद्रीतल्या झाडांच्या पाकळ्या मोजत होता. आजही शंका आली की मी आधी कुकचंच वर्णन काढतो.

पायवाट, पुढच्या रविवारी पुन्हा जाशील का? बरोबर शाळकरी पट्टी ने. फूल बाजूने, दांड्यासकट, असा फोटो काढ. गवत हाताने अलगद बाजूला करून बूड बघ. उपटू नकोस, खुडूही नकोस. आणि ज्या कातळावरून चढशील त्याच कातळावरून उतर. सड्यावरचा मातीचा थर चार बोटं असतो, त्यात पुढच्या वर्षीचे कंद झोपलेले असतात.

आजोळ_भोर | ८ जुलै, सकाळी ६:५०

राम राम. धागा वाचला. मी शेतकरी माणूस, शास्त्र ठाऊक नाही. पण आमच्या वाडीवर आजोबांच्या हातचा रायवळ आंबा आहे, त्याच्या खोडावर आणि दोन फांद्यांवर कसल्या तरी काड्या लोंबतात. दोन महिने झाले, बाग साफ करणारा सांगून गेला की हे सगळं बांडगूळ आहे, तासून काढा, नाहीतर आंबा वाळेल. आता पावसाने उसंत दिली की कोयता चालवणार होतो. तुमच्या त्या आमरी झाडावर पण असतात का? असतील तर थांबतो.

भिंगवाली | ८ जुलै, सकाळी ७:३५

दादा, थांबा! कोयता ठेवून द्या. दोन गोष्टी बघून सांगा. एक, त्या काड्यांना पांढरी मुळं आहेत का, आंब्याच्या सालीवरून धावणारी? असतील तर त्यांवर तांब्याभर पाणी ओता आणि मिनिटभर थांबा. दुसरी, फांदीला जिथे ते चिकटलंय तिथे गाठ आली आहे का?

आजोळ_भोर | ८ जुलै, दुपारी १:१०

आत्ता बघून आलो. खोडावरच्या काड्यांना सुतळीसारखी पांढरी मुळं आहेत. पाणी ओतलं तर मुळं हिरवी झाली! पोरगं पण बघत होतं, त्याने चार वेळा ओतायला लावलं. वरच्या एका फांदीवर वेगळंच काहीतरी आहे, पानं जाड, बुडाशी मोठी गाठ, मुळं कुठे दिसत नाहीत.

भिंगवाली | ८ जुलै, दुपारी २:००

मग तुमच्या झाडावर दोन्ही आहेत. गाठीवालं बांडगूळ. त्याचं मूळ फांदीच्या आत शिरतं आणि आंब्याचं अन्नपाणी ओढतं. ते जरूर छाटा, गाठीच्या थोडं खालून. खोडावरची आमरी. ती झाडाचा घासही घेत नाही, फक्त बसायला जागा घेते. तिच्या मुळांभोवती स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना त्यात हवा असते म्हणून पांढरं दिसतं. पाऊस, दव, सालीवरून ओघळणारं पाणी ते शोषून घेतं आणि ओलं झालं की पारदर्शक होतं, मग आतला हिरवा रंग दिसतो. तुमच्या मुलाने पाहिलं ते हेच.

पुणे जिल्ह्यात किती जुने आंबे या एका 'बांडगूळ' शब्दापायी खरवडले गेले असतील, याची मोजदाद नाही. दादा, तुम्ही कोयता उचलायच्या आधी विचारलंत याचा मनापासून आनंद झाला.

काड्यांवर पानं आहेत का? आणि फुलं कधी पाहिली आहेत?

आजोळ_भोर | ८ जुलै, रात्री ८:२०

आता पानं आहेत, डावी-उजवी अशी. दिवाळीनंतर पानं गळून नुसत्या काड्या राहतात, म्हणूनच मेलेलं वाटतं. शिमग्याच्या आधी पांढरट फुलं येतात असं आई सांगते. मी नीट कधी बघितली नाहीत.

हिरडा | ८ जुलै, रात्री ९:१५

आजोळ, मग हे डेंड्रोबियम. घाटमाथ्यावरच्या आंब्या-जांभळांवर दोन जाती नेहमी गोंधळात टाकतात, बार्बाट्युलम आणि ओव्हाटम. दोघींच्या काड्या हिवाळ्यात उघड्या पडतात आणि दोघी उघड्या काड्यांवरच फुलतात. ओव्हाटमची फुलं लहान, मलईसारखी पिवळसर, आणि ती थंडीतच सुरू होते. बार्बाट्युलमची फुलं मोठी, शुभ्र, क्वचित गुलाबी झाक असलेली, आणि ती थंडी सरता सरता फुलते. आता जुलैत यांतली कोणती ते मी सांगणार नाही. फेब्रुवारीत कळव. तोवर आईंना विचार, फुलं पांढरी की पिवळसर.

तुळशीवृंदावन | ९ जुलै, सकाळी १०:३०

माझा प्रश्न राहिला की. कुंडीत लावता येईल का? बाजारात आमरीची रोपं मिळतात तशीच ना ही?

भिंगवाली | ९ जुलै, दुपारी १२:४०

काकू, बाजारातली रोपं प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली असतात, ती जरूर लावा. रानातली मात्र नको. आमरीचं बी पिठासारखं असतं, एका बोंडात हजारोंनी. त्या बियांत अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. मातीत किंवा सालीत विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रुजतं, आणि ती बुरशीच त्याला पहिलं अन्न पुरवते. जमिनीवरच्या आमरींना पुढेही त्या बुरशीची साथ लागते. कुंडीत तो कंद एखादं वर्ष फुलेल, साठवलेल्या जोरावर. मग संपेल. शिवाय ताम्हिणीचा बराच भाग अभयारण्य आहे, तिथून झाड काढणं गुन्हाच आहे. जगातलं सगळं आमरी-कुळ साईट्स करारात, म्हणजे रानातल्या प्राणी-वनस्पतींच्या देशोदेशींच्या व्यापारावर लगाम घालणाऱ्या करारात येतं, ते उगाच नाही.

तुळशीवृंदावन | ९ जुलै, दुपारी १:०५

समजलं. मग बाजारातलीच आणते, आणि रानातली फोटोत बघते. पण एक सांगा, माझ्या माहेरी चिपळूणला सीतेची वेणी म्हणायचे ते हेच का? लांबच लांब गुलाबी वेणी, आंब्याला लोंबायची. आई एक-दोन फुलं केसात माळायची.

हिरडा | ९ जुलै, संध्या. ६:१५

होय, तीच. ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. मृगाच्या आगेमागे फुलते. तिला फुलाशिवायही ओळखता येतं. पानं जाड, पन्हळीसारखी दुमडलेली, आणि पानावर उभ्या फिकट रेघा.

फुलाशिवाय ओळखायचा सराव सगळ्यांनी करावा असं मला वाटतं, कारण झाडावरची आमरी वर्षातले अकरा महिने बिनफुलाचीच दिसते. व्हँडा टेसेलाटाच्या पानाचं टोक उंदराने कुरतडल्यासारखं असतं. लुईसियाची पानं पेन्सिलीसारखी गोल. ओबेरोनियाची चपटी, एकात एक बसवलेली, हातपंख्यासारखी. तिची फुलं इतकी इवली, की उंदराच्या शेपटीएवढ्या तुऱ्यावर शेकड्यांनी बसतात आणि भिंगाशिवाय फूल आहे हेही कळत नाही. सोनाराकडे असतं तसं दहापटीचं भिंग गळ्यात असू द्यावं. कॅमेऱ्यापेक्षा मला त्याचा उपयोग जास्त झाला आहे.

सह्यवेडा | १० जुलै, रात्री १०:५०

सर, एक जुनी गोष्ट लिहितो. तीन वर्षांपूर्वी भीमाशंकरच्या जंगलात वळवाच्या पहिल्या सरीनंतर पाचोळ्यातून एक फूल वर आलेलं पाहिलं. पान एकही नाही, नुसता दांडा आणि त्यावर हिरवट, मान खाली घातलेली फुलं. जागेवर तीन दगडांची खूण केली. ऑगस्टमध्ये गेलो तर दगडांच्या मधोमध एकच पान, गोल, पंख्यासारख्या चुण्या पडलेलं. फूल गायब. मला वाटलं मधल्या काळात दुसरंच काही उगवलं. वहीत दोन वेगळ्या नोंदी केल्या. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दगडांत आधी फूल, मग पान. तेव्हा कुठे उमगलं की झाड एकच आहे. नर्व्हिलिया ना?

हिरडा | ११ जुलै, सकाळी ७:२०

नर्व्हिलियाच. फूल आधी, ते मिटलं की पान. ही खूण पुस्तकात वाचून विसरली जाते, पण तू तीन दगड ठेवून दोन वर्षं तिथे गेलास, तुला ती जन्मभर आठवेल. युलोफियातही काही जाती अशाच, आधी फुलांचा दांडा, मग पानं. त्यांचे कंद औषधाच्या नावाखाली खणून नेले जातात, अंबरकंद म्हणतात तो त्यातलाच. फूल दिसलं की कंद कुठे आहे ते खणणाऱ्याला कळतं. गावाचं नाव काढ म्हणालो, त्यामागे हेही कारण आहे.

पायवाट | १३ जुलै, रात्री ८:३०

जाऊन आले! पाऊस धो धो होता, पण सड्यावर पोचलो तेव्हा अर्धा तास उघडला. पहिलं झाड सापडलं नाही. त्याच्या शेजारच्या कातळावर मात्र सात-आठ होती.

गवत बाजूला केलं. एकच पान. एकच! बदामाच्या आकाराचं, जमिनीला असं चिकटलेलं, की वाऱ्यानेही हलत नव्हतं. एका झाडाचं पान कशाने तरी अर्धं खाल्लं होतं, तरी फूल उभं होतं. दांडा माझ्या वितीपेक्षा लहान, त्यावर कुठे एक, कुठे दोन, एका झाडावर तीन फुलं. बाजूने पाहिलं तर मागे खरंच नळी होती, खाली वळलेली. पट्टीवर अडीच सेंटिमीटरच्या आसपास भरली. ओठाचे तीन भाग, मधला अगदी दोऱ्यासारखा. आणि देठाचा पीळ दिसला! मैत्रिणीकडे भिंग नव्हतं, दुर्बीण उलटी धरून पाहिलं. ओल्या कपड्याचा पीळ, सर, अगदी तुम्ही लिहिलंत तसाच.

चार फोटो जोडले आहेत, पट्टीसकट.

भिंगवाली | १३ जुलै, रात्री ९:००

आता नाव सांगते. हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. जमिनीला चिकटलेलं एकच पान (कधीतरी दोन), आखूड दांडा, दोन-चार पांढरी फुलं, सड्यावरची पातळ माती, जून-जुलै. ब्लॅटर आणि मॅकॅन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये हे नाव दिलं. नाव झाडापेक्षा लांब आहे, पण झाड मात्र ओळखायला सगळ्यात सोपं. पान पाहिलं की संपलं.

ॲपने सांगितलेली प्लँटाजिनिआ झाडांच्या सावलीत, पावसाळा सरता सरता येते आणि तिच्या बुडाशी बरीच पानं असतात. तिन्ही बाबतींत तुझं झाड वेगळं.

सह्यवेडा | १३ जुलै, रात्री ९:१५

पान बघायला वाकलोच नव्हतो मी कधी. माझ्या जुन्या फोटोंतल्या चाळीसेक नोंदी आता परत तपासणार.

हिरडा | १३ जुलै, रात्री ९:५०

शाब्बास पायवाट. खाल्लेल्या पानाचाही फोटो काढलास हे मला फार आवडलं, कारण रानातली झाडं पुस्तकातल्या चित्रासारखी नसतात.

सड्यावर आता दर पंधरा दिवसांनी जा. पुष्य-आश्लेषात (जुलैअखेर ते ऑगस्टचा मध्य) तिथेच किंवा आसपासच्या गवतात एक दांडा दिसेल, ज्याची सगळी फुलं एकाच बाजूला तोंड करून रांगेत उभी असतात, दात घासायच्या ब्रशासारखी. ती हबेनारिया हेनियाना, तिला टूथब्रश ऑर्किडच म्हणतात. पानं बुडाशी नसून दांड्यावर, एकावर एक. मघा-पूर्वात मार्जिनाटा, फुलं पिवळी आणि पानाला फिकट काठ. आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उंच गवतात लाँगिकॉर्निक्युलाटा दिसली तर शेपटी मोजल्याशिवाय परत येऊ नकोस. दहा सेंटिमीटरच्या पुढे भरते, फुलाखाली पांढरा दोरा लोंबतोय असं वाटतं.

एवढी लांब शेपटी कशाला, असं विद्यार्थी दरवर्षी विचारायचे. तळाशी मध आहे, आणि तिथवर पोचायला तेवढीच लांब सोंड लागते. मादागास्करच्या एका आमरीची फूटभर लांब शेपटी पाहून डार्विनने १८६२ मध्ये लिहून ठेवलं, की तेवढ्या सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. लोकांना ते पटलं नाही. १९०३ मध्ये पतंगाचं वर्णन प्रसिद्ध झालं, तेव्हा डार्विन जाऊन वीस वर्षं उलटली होती. आपल्या सड्यांवरच्या लांब शेपटीच्या पांढऱ्या फुलांवर कोण येतं, हे पाहायला कुणी तरी अंधारात बसायला हवं. मला आता गुडघे साथ देत नाहीत. तुम्ही बसा.

पायवाट | १३ जुलै, रात्री १०:१०

बसू, सर. सप्टेंबरमध्ये नक्की. वनखात्याची परवानगी काढून, आणि गावातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन.

आजोळ_भोर | १६ जुलै, सकाळी ७:००

बांडगूळ छाटलं, गाठीच्या खालून. आमरीला हात लावला नाही. काल वाऱ्याने शेजारच्या जांभळाची फांदी पडली, तिच्यावर पण तसल्याच काड्या होत्या. आता काय करू?

भिंगवाली | १६ जुलै, सकाळी ७:२५

फांदी तुमच्याच शेतात पडली आहे ना? मग सालीसकट आमरी अलगद सोडवा आणि त्याच जांभळाच्या खोडावर, सकाळचं ऊन येतं त्या अंगाला, काथ्याने बांधा. प्लास्टिक नको, ओल कोंडते. मुळं सालीला टेकलेली हवीत. पावसात आहे तोवर पाणी घालायची गरज नाही. मुळांनी साल धरली की काथ्या आपोआप कुजून पडेल.

आजोळ_भोर | ८ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

राम राम मंडळी. धागा वर काढतोय. आज आंब्यावरची फुलं उमलली. काडीवर एक पान नाही आणि काडीच्या वरच्या अंगाला घोस. पट्टी लावून फोटो जोडलाय, समोरून आणि बाजूने, दोन्ही. पोराने काढलाय. रंग पांढराफटक, पिवळा अजिबात नाही, आतल्या बाजूला किंचित गुलाबी. एक फूल दोन सेंटिमीटरच्या थोडं वर भरलं. आई म्हणते, ती लग्न होऊन आली तेव्हापासून ही फुलं याच फांदीवर आहेत.

जांभळावर बांधलेलीही जगली आहे. दोन नवी मुळं सालीवर उतरली आहेत. तिला फूल नाही अजून.

हिरडा | ८ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

डेंड्रोबियम बार्बाट्युलम. आईंना माझा नमस्कार सांग.